थीसिस सोडून बाकी सगळं

जर्मनीतल्या ज्या विद्यापीठाच्या गावात चार मराठी पोरं असतील, तिथे एक दादा असतोच. त्याचं खरं नाव फक्त दोघांना ठाऊक असतं. एक त्याची आई आणि दुसरं परदेशी नागरिकांचं कार्यालय. बाकी सगळ्या गावाचा तो दादा. पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेला, कपाळ मागे सरकलेला इंजिनिअरसुद्धा त्याला दादाच म्हणतो, कारण तिथलं मोठेपण वयावर नसतं, सेमिस्टरवर असतं. मास्टर्सचा कोर्स चार सेमिस्टरचा. दादा सातव्यात आहे.

मला माहीत असलेला दादा केम्निट्सचा. म्युनिक-बर्लिनची नावं घरी सांगायला बरी वाटतात, पण भाडं परवडावं म्हणून पोरं जातात ती असल्या गावांना. पूर्व जर्मनीच्या काळात, 1953 पासून 1990 पर्यंत, या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. नाव गेलं, मार्क्स राहिला. म्हणजे त्याचं डोकं राहिलं. 1971 साली बसवलेलं, सात मीटरहून उंच, ब्राँझचं नुसतं डोकं. खाली धड नाही, हात नाहीत. सांगली-नाशिकहून आलेल्या प्रत्येक पोराचा पहिला फोटो दादा या डोक्यासमोर काढतो आणि म्हणतो, "घरी पाठव. पोचलास असं त्यांना वाटू दे."

नवं पोर येतं ते दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, आणि अंगावर तीन जाकिटं घालून, कारण जाकिटांचं वजन विमानवाले करत नाहीत. हा सल्लाही दादाचाच. फ्रँकफुर्टला उतरलेल्या पोराला वेगवान गाडीचं तिकीट काढायची तो परवानगी देत नाही. "डॉइचलांड-टिकीट घे. महिनाभर अख्ख्या देशात फिर." ते तिकीट वेगवान गाड्यांना चालत नाही, हा मुद्दा दादा गौण मानतो. पोर चार-पाच पॅसेंजर बदलत, बॅगा जिन्यांवरून ओढत, रात्री उशिरा केम्निट्सला पोचतं. फलाटावर दादा उभा असतो. घड्याळ बघून म्हणतो, "बघ, किती वाचवले!"

दुसऱ्या दिवसापासून कागद. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावात नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाचा सही केलेला फॉर्म हवा. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, कर क्रमांक नाही तर नोकरीचा पगार नीट नाही. ही साखळी दादाला तोंडपाठ आहे. तो प्रत्येकाबरोबर जातो आणि खिडकीपलीकडच्या बाईंशी जर्मन बोलतो. दादाचं जर्मन हा स्वतंत्र प्रकार आहे. मॅक्सम्युलर भवनातल्या त्याच्या बाईंनी ऐकलं तर त्या घरी निघून जातील, पण सरकारी कार्यालयात ते अस्खलित चालतं. मुदतवाढ, विमा, दंड, तारीख, शिक्का हे सारे शब्द त्याच्याकडे आहेत. तो फक्त प्रेमात पडू शकत नाही, त्याचे शब्द नाहीत. दर वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायची सवय मात्र पक्की. आईशी फोनवर बोलतानाही तो म्हणतो, "हो आई, गेनाऊ, जेवलो."

त्या देशात अजून सगळं टपालाने येतं आणि दादा पाकिटाचा रंग बघून भविष्य सांगतो. पांढरं लांबट असेल तर विमा कंपनी. पिवळं असेल तर गंभीर. त्यावर पोस्टमन तारीख लिहून जातो आणि त्या तारखेपासून मुदत सुरू होते. "पिवळं आलं की उघडायच्या आधी मला फोन." घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो असते. ते पत्र नव्या पोरांना जाहिरात वाटतं आणि ती ते टाकून देतात. टाकून दिलेली पत्रं कचऱ्यातून शोधून काढणं हे दादाच्या समाजकार्यातलं एक मोठं खातं आहे. कचऱ्याचेही तिथे रंगवार डबे असल्यामुळे ती कागदाच्या डब्यात तरी सापडतात, एवढीच सोय.

पण दादा खरा दिसतो तो पैशाच्या हिशेबात. पोर येतं तेव्हा जर्मन सरकारने त्याचे 11,904 युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवलेले असतात. त्यातले 992 महिन्याला मिळतात. बापाने कर्ज काढून भरलेले स्वतःचेच पैसे पॉकेटमनीसारखे हातात येतात. त्यामुळे पहिले सहा महिने पोर दिसेल त्या किमतीला शंभराने गुणतं. सात युरोचा डोनर कबाब म्हणजे सातशे रुपये. सातशे! गुणाकार झाला की भूक मरते. वजन उतरतं. आईला व्हिडिओ कॉलवर गालफडं दिसतात.

दादाने रुपयांत मोजणं कधीच सोडलंय. तो तासांत मोजतो. 2025 साली किमान वेतन तासाला 12.82 युरो झालं आणि त्या दिवशी दादाने सगळे भाव नव्याने लावले. डोनर म्हणजे गोदामात खोकी उचलायचा अर्धा तास नि वर थोडा. न्हाव्याकडे केस कापणं म्हणजे जवळपास दोन तास, म्हणून केम्निट्समधल्या झाडून सगळ्या मराठी पोरांचा हेअरकट एकच आहे, दादाच्या ट्रिमरचा. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की 25 सेंट मिळतात. "सत्तर सेकंदांची मजुरी आहे ती, फेकतोस काय?" दादाच्या खोलीत पलंगाखाली बाटल्यांचं पोतं असतं आणि महिनाअखेरीला त्या पोत्यातून तांदूळ येतो. वस्तूचं मोल तिच्यात मुरलेल्या श्रमाच्या तासांवर ठरतं, हे सांगायला चौकातल्या त्या दाढीवाल्याला जाडजूड ग्रंथ लिहावा लागला. दादाने तो उघडूनही पाहिलेला नाही. मला विचाराल तर सध्याच्या केम्निट्समध्ये मार्क्स पुरता समजलेला माणूस हा एकच.

कायद्याने विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. पोरं आपले दिवस विसरतात. दादाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांचे दिवस वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी खुणावलेले असतात. "तुझे अकरा राहिलेत. डिसेंबरसाठी ठेव."

स्वयंपाकघरात त्याचा दरारा वेगळाच. फोडणी देताना खिडकी उघडी, कॉरिडॉरचं दार बंद, हा नियम मोडला की छतावरचं धुराचं यंत्र किंचाळतं आणि अख्खी इमारत चपला शोधत अंगणात उतरते. उणे पाच तापमानात, मोहरीमुळे. कुकरच्या शिट्टीबद्दल त्याने प्रत्येक मजल्यावरच्या जर्मन पोरांना एकदा बसवून समजावलेलं आहे. तूप भारतातून आणायचं नाही, कारण प्रवाशांना युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. 250 ग्रॅमची लोण्याची वडी घ्यायची आणि कढवायची. चक्क्यासाठी पंचा बांधून दही टांगत बसायचं नाही, 40 टक्केवाला क्वार्क आणायचा. हा शोध कुणी लावला असं विचारलं की तो नुसता हसतो. पाडव्याला त्याच्या श्रीखंडासाठी ड्रेस्डेनहून पोरं येतात. गुढीसाठी झाडूची काठी आणि स्टीलचा गडू. खाली उभा असलेला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, खिडकीतल्या त्या ऐवजाकडे बघत राहतो. "धार्मिक आहे, संध्याकाळी उतरवतो," असं दादा त्याला सांगतो आणि त्याला वाटीभर श्रीखंड नेऊन देतो. तक्रार अजून कधी झालेली नाही.

आणि फोन. महाराष्ट्रातल्या निम्म्या जिल्ह्यांतल्या आयांकडे दादाचा नंबर आहे. "बाळा, आमचा फोन उचलत नाही रे." दादा दोन मजले उतरून दार वाजवतो. वडिलांचे फोन निकालाच्या दिवसांत येतात. तिथे 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. सोलापूरच्या एका वडिलांनी मुलाला 1.7 मिळाल्याचं भावकीत कुणालाच सांगितलं नव्हतं. दादाने त्यांना अर्धा तास उलटं गणित समजावलं, तेव्हा कुठे पेढे वाटले गेले.

हे सगळं करताना त्याचा थीसिस 'ऐंशी टक्के झालाय'. दीड वर्षापूर्वीही ऐंशी टक्केच होता. आता कुणी म्हणेल, पोर वाया गेलं. मला तसं वाटत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांत कार्यालयं असतात, माहितीपत्रकं असतात, हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंची वेबसाइट असते. त्यातलं कुणीही रात्री अकराला फलाटावर उभं राहत नाही. 2022-23 पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय संख्येने पहिले आहेत आणि त्यांतल्या मराठी पोरांपैकी बऱ्याच जणांच्या वेळेवर मिळालेल्या डिग्रीत कुठल्या ना कुठल्या दादाचं एखादं सेमिस्टर मुरलेलं आहे. त्याचा हिशेब मात्र तो कुठल्याच कॅलेंडरवर लिहीत नाही.

तुमच्या घरातलं कुणी या ऑक्टोबरला तिकडे निघालं असेल, तर बॅगेत गोड्या मसाल्याचं एक पाकीट जास्तीचं घाला, दादासाठी. तूप घालू नका. त्याला फोन करायचा तर रविवारी करा. रविवारी दुकानं, कार्यालयं सगळं बंद असतं. एरवी तो तुमच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पोराचा कागद घेऊन रांगेत बसलेला असतो.