पहिल्या फेरीचा निकाल

2025 च्या विम्बल्डनचा निकाल पुण्याला तोंडपाठ आहे. सिनरने अल्काराझला 4-6, 6-4, 6-4, 6-4 असं हरवलं. पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसला तीन मॅच पॉइंट हातचे घालवून रडकुंडीला आलेला सिनर तो हाच का? हाच.

महिलांची फायनल 57 मिनिटांत आटोपली. इगा श्वीऑनटेकने अमांडा अनिसिमोवाला 6-0, 6-0 असं धुतलं. एकही गेम न देता फायनल जिंकण्याचा प्रकार तिथे याआधी घडला होता तो 1911 साली.

भारतीय? एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये एकही नव्हता. पण ही ओरड दरवर्षीचीच. ती पुढच्या जुलैतही करता येईल.

आज विचारायचंय ते वेगळंच. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला कोण?

सानिया मिर्झा म्हणालात ना? चूक.

सानिया तिथे पहिली फेरी जिंकली 2005 मध्ये. देशभर टीव्हीसमोर गर्दी झाली, पहिल्या पानावर फोटो आले, आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या 71 वर्षं आधी, 1934 मध्ये, लीला राव तिथे जिंकल्या होत्या. पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेलला हरवून. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफकडून हरल्या. त्या वर्षीचे विजेते फ्रेड पेरी आणि डोरोथी राउंड. पेरीचं नाव आजही टी-शर्टांवर मिरवतं.

लीला राव कुठे आहेत?

या बाई आपल्याला परक्या असत्या तर एक वेळ समजून घेतलं असतं. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव, जन्म पुण्याचा, 1890 चा. त्या स्वतः टेनिस खेळायच्या आणि संस्कृतात लिहायच्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ रचली. ती 1932 मध्ये छापून निघाली थेट पॅरिसला.

आणि क्षमाबाईंचे वडील? शंकर पांडुरंग पंडित. 1869 ते 1873 या काळात तुकोबांच्या अभंगांची जी ‘पंडिती गाथा’ छापली गेली, ती याच पंडितांच्या देखरेखीखाली.

म्हणजे तुकोबांची गाथा छापणाऱ्याची नात विम्बल्डनमध्ये जिंकली. दरवर्षी आषाढी वारीच्या पालख्या पुण्यातून जातात आणि त्याच सुमारास तिकडे विम्बल्डन सुरू होतं. दोन्हींवर पुणेकराचा जीव. पण या दोन्हींना जोडणारं घराणं त्याला ठाऊक नाही!

जे घरात घडलं ते विसरायचं आणि लंडनचे स्कोअर पाठ करायचे, ही खोड एवढ्यावर थांबत नाही. बालेवाडीची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा आठवते?

2018 च्या जानेवारीत मारिन चिलिच तिथे खेळून गेला. आदल्याच जुलैत तो विम्बल्डनची फायनल खेळला होता. केव्हिन अँडरसनने 2018 ला विम्बल्डनमध्ये फेडररला दोन सेटच्या पिछाडीवरून हरवून पुढे फायनल गाठली आणि 2019 च्या जानेवारीत बालेवाडीत विजेतेपद पटकावलं. तेही कार्लोविचविरुद्ध, तिन्ही सेट टायब्रेकमध्ये खेळून. सिंहगड रोडवरून निघून रिक्षाने जाऊन बघता येईल इतक्या अंतरावर!

2023 नंतर ती स्पर्धा पुण्याच्या हातून गेली. 2024 पासून तो आठवडा हाँगकाँगचा. कुणी मोर्चा काढला? कुणी हळहळलं तरी?

स्पर्धा गेली, पण कोर्ट आहेत आणि मुलीही आहेत. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. अहमदाबादची अंकिता रैना घडली ती पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. या शहरात मुलगी टेनिसपटू होऊ शकते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपण कुठून आलो, हे मात्र या मुलींना कुणी सांगायला हवं. पुण्यातल्या टेनिस क्लबांनी मुलींची एक स्पर्धा लीला राव यांच्या नावाने भरवावी. चषकावर 1934 हे साल कोरावं. फार खर्च नाही त्यात.

आणि तुमची मुलगी रॅकेट घेऊन सकाळी कोर्टवर जात असेल, तर क्लबाची वाट बघू नका. हे नाव तिला आजच सांगा.