हीटर लावा, वर्धा येतंय

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात गाडीचा हीटर लावणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या गाडीचा कूलंट गळत असतो. नागपूरहून सेवाग्रामला निघालेले काका दुसऱ्या वर्गातले. मागे बसलेल्या काकूंचं मत वेगळं पडत होतं.

बुटीबोरी सुटली तेव्हाच तापमानाचा काटा वर सरकायला लागला होता. केळझरला तो लाल पट्ट्याला टेकला. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, अशी आख्यायिका आहे. बकासुराला गाडाभर अन्न लागे; या गाडीचा उपासही पाण्याच्या बाटल्यांवर सुटेना.

बॉनेटखालून गोडसर वासाची वाफ आली. काका फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावले, तोच रसवंतीवाला ओरडला, "काहून खोलता जी झाकन? उकयतं पानी तोंडावर येईन ना!"

त्याचं बरोबर होतं. कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल, बहुधा निम्मं-निम्मं. पाणी 100 अंशांना उकळतं, हे मिश्रण साधारण 106 ला. त्यात झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून 120 च्या पुढे गेलं तरी ते उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण काढलं की दाब जातो आणि आतलं सगळं उसळून बाहेर येतं. तेव्हा उसाचा रस पीत गाडी निवण्याची वाट पाहणं, हाच शास्त्रशुद्ध उपाय होता.

हीटरची युक्ती भाच्याने फोनवरून सांगितली. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो; इंजिनाची उष्णता तो आतल्या माणसांवर सोडतो. इंजिन वाचतं, माणसं शिजतात. पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी धाम नदी दिसली, तेव्हा काकूंनी तिच्याकडे पाहिलं ते दर्शनाच्या भावनेने नव्हे, उतरून पाण्यात बसायच्या इराद्याने.

वर्ध्यातल्या शोरूमचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सोफा आणि कॉफी सगळीकडे सारखीच असते. जॉब कार्ड झालं, गाडीचे चारी बाजूंनी फोटो निघाले. गाडी रात्रभर सावलीत विसावली आणि सकाळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने हसतमुखाने सांगितलं, "लीकेज नाही सर. टॉप-अप करून दिलंय."

थंड गाडी गळत नाही, खरी गोम तीच. शेवटी मागच्या शेडमधल्या एका पिकल्या केसांच्या मिस्त्रीने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला आणि बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसून राहिला. थोड्या वेळाने वॉटर पंपाच्या बारक्या भोकातून एक थेंब आला. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, एवढ्यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं. गरम इंजिनावर तो थेंब जागीच वाळतो, मग जमिनीवर डाग कुठून दिसणार?

"पार्ट नागपूरहून येईल," अ‍ॅडव्हायझर म्हणाला.

"आम्ही तिथूनच आलो!" काकू म्हणाल्या.

मग ऑटोने सेवाग्राम. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याहून या गावी पायी आले होते; तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पुढे जमनालाल बजाजांच्या फोर्डला बैल जुंपले जात आणि तिला गंमतीने 'ऑक्स-फोर्ड' म्हणत, असंही इकडे सांगतात. काकांना सर्वात पटला तो मात्र लुई फिशर. 1942 च्या जूनमध्ये हा अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिला. उकाड्यावर उपाय म्हणून त्याने पाण्याच्या टबात लाकडी खोकं ठेवलं, त्यावर बैठक मारली, बाहेरच्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवलं आणि मधूनमधून अंगावर पाणी ओतत तासभर टिपणं टाइप केली. कूलिंग सिस्टिम म्हणतात ती ही! ना पंप, ना सील, ना जॉब कार्ड.

दुसऱ्या दिवशी पंप बसला. बिलात पंप वॉरंटीतला, म्हणून फुकट. कूलंट मात्र 'कन्झ्युमेबल', म्हणजे वॉरंटीबाहेरचा. ज्याच्यामुळे गळलं ते माफ, जे गळलं त्याचे पैसे! यावर वाद घालायला काकांनी बाह्या सरसावल्या, तोवर काकूंनी पैसे भरूनही टाकले होते. वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं.