वाहत्या धारेच्या पुस्तिकाकारांस, ईटहून

प्रति,
मा. लेखक महोदय,
चारचाकीसोबत मिळणारी वापरपुस्तिका, प्रकरण ‘बाह्यभागाची निगा’.

विषय : दारात नळ नसताना गाडी धुण्याबाबत.

महोदयांच्या पुस्तिकेतील उपरोक्त प्रकरण धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट या गावी मोठ्या आदराने वाचले जाते, आणि या आदराचे मुख्य कारण असे की, त्यात वर्णिलेले जग येथील वाचकाला परीकथेइतके दूरचे व तितकेच मनोहर वाटते. गाडी सावलीत उभी करावी, तिच्यावर पाइपने भरपूर पाणी सोडून धूळ व चिखल सैल करावा, साबणाच्या पाण्याने अंग पुसावे आणि पुन्हा वाहत्या पाण्याने सर्व साबण निघून जाईपर्यंत धुवावे, असा महोदयांचा उपदेश आहे. यांपैकी सावलीची अट ईटमध्ये शेजाऱ्याच्या लिंबाखाली, शेजाऱ्याची गाडी तेथे आधीच उभी नसल्यास, पूर्ण करता येते. उरलेल्या अटींसाठी घराबाहेर नळ, नळाला पाणी, पाण्याला दाब आणि त्या दाबाने वाहून जाणाऱ्या पाण्याकडे शांत चित्ताने पाहू शकणारे कुटुंब, अशा चार गोष्टी लागतात, आणि त्या चारही गोष्टी एकाच घरी, एकाच दिवशी, विशेषतः चैत्र-वैशाखात, एकत्र येण्याचा योग कोणत्याही पंचांगात दिलेला नाही.

महोदयांच्या सोयीसाठी येथे थोडा हिशोब मांडणे उचित ठरेल. साध्या रबरी पाइपमधून मिनिटाला १२ लिटर पाणी पडते असे धरले आणि पुस्तिकेत सांगितलेली दोन्ही धुणी मिळून १५ मिनिटांत आटोपली असे उदारपणे मानले, तर एका गाडीला १८० लिटर पाणी लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने, म्हणजे ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळजोडणी देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेने, माणशी दररोज किमान ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाचा वाटा अशा रीतीने २७५ लिटर होतो, आणि महोदयांच्या सल्ल्यानुसार गाडी धुणाऱ्या कुटुंबाने त्यातील जवळपास दोन तृतीयांश वाटा गाडीला देऊन उरलेल्या ९५ लिटरमध्ये स्वयंपाक, आंघोळ, धुणी-भांडी आणि पाहुण्याला पाण्याचा तांब्या हे सर्व भागवावयाचे असते. गाडीला अर्थात तहान लागत नाही. परंतु कुटुंबातील सहावी व्यक्ती म्हणून तिची नोंद शिधापत्रिकेवर करावी काय, याविषयी पुस्तिकेत मार्गदर्शन आढळत नाही.

या परिसरात दुसराही एक हिशोब चालतो, तो दुधाचा. बालाघाटच्या डोंगररांगेतील हा भाग खव्यासाठी प्रसिद्ध असून कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव मराठवाड्याबाहेरही घेतले जाते. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला साठ लिटर पाणी सहज पिते, म्हणजे गाडीच्या एका धुण्याचे पाणी तीन म्हशींच्या दिवसभराच्या पिण्याइतके होते. तीन म्हशींनी मिळून वीस लिटर दूध दिले आणि सुमारे पाच लिटर दुधाचा किलोभर खवा उतरतो हे प्रमाण धरले, तर महोदयांच्या पद्धतीने धुतलेल्या गाडीवरून चार किलो खवा ओघळून रस्त्याला मिळाला असे म्हणावे लागते. (हा हिशोब कच्चा आहे हे मान्य करावयास हवे, कारण म्हशीला कडबा आणि पेंडही लागते, परंतु पेंडीशिवाय म्हैस काही दिवस तग धरते, पाण्याशिवाय धरत नाही.)

अशा गावात मे महिन्यातील लग्नसराईत एखादी गाडी लख्ख चमकत मांडवापुढे येऊन उभी राहिली, की वऱ्हाडी मंडळी तिच्या मालकाच्या टापटिपीचे कौतुक करण्यापूर्वी एकमेकांना हळूच विचारतात, की याच्या बोअरला अजून पाणी आहे काय. उन्हाळ्यातील स्वच्छ गाडी ही येथे स्वच्छतेची खूण नसून भूजलावरील मालकीची जाहीर सूचना असते, आणि महोदयांच्या पुस्तिकेला या सामाजिक बाजूची कल्पना असल्याचे दिसत नाही. या मालकीला कायद्याचा जुना आधार आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे असे आपल्या जमिनीखालील सर्व पाणी उपसण्याचा हक्क मान्य केला, आणि जमिनीखालचे पाणी बांध पाहून थांबत नसल्याने, ज्याची बोअर अधिक खोल त्याच्याकडे शेजाऱ्याचेही पाणी जाते, ही गोष्ट त्या कायद्याच्या भाषेत कुठेच बसली नाही. महाराष्ट्राने भूजलाविषयी २००९ चा अधिनियम करून ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, खोलीच्या पलीकडे जाणाऱ्या विहिरींवर निर्बंध घातले खरे. तथापि मराठवाड्यात बोअरच्या गाडीवाल्याशी होणारे बोलणे बहुधा २०० फुटांच्या पुढेच सुरू होते. तेव्हा पाइप लावून गाडी धुणारा गृहस्थ केवळ स्वतःचे पाणी सांडतो, हे महोदयांचे गृहीतक बेसाल्टच्या खडकात, जेथे पाणी भेगांतून व विघटित थरांतून या घरातून त्या घराकडे सरकते, टिकत नाही.

एवढ्यावरून ईटमधील गाड्या धुतल्या जात नाहीत असा समज महोदयांनी करून घेऊ नये. त्या धुतल्या जातात, आणि पुस्तिकेतील पद्धतीपेक्षा अधिक विचारपूर्वक धुतल्या जाऊ शकतात, कारण पाणी उचलून आणावे लागले की माणूस विचार करू लागतो. गाडीच्या रंगावर सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक लेप असतो, ज्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. गाडीची चमक हा लेप जोवर गुळगुळीत आहे तोवरच राहते. रस्त्याच्या मुरुमाची बारीक कणी कोरड्या फडक्याखाली सापडली की ती या लेपावर ओरखडे काढते, आणि उन्हात गोल गोल जाळ्यासारखी दिसणारी जी रेषांची नक्षी जुन्या गाड्यांवर आढळते, ती बहुतेक वेळा रोज सकाळी श्रद्धेने मारलेल्या कोरड्या फडक्याची करणी असते. म्हणून पाणी कमी असले तरी धूळ आधी भिजवून सैल करणे टळत नाही. फक्त त्यासाठी नळ लागतो ही समजूत चुकीची आहे.

त्यासाठी शेतकऱ्याच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतो. १६ लिटरच्या या पंपात, मग तो हाताने दट्ट्या मारण्याचा असो वा चार्जिंगचा, सहा लिटर पाणी घेऊन बारीक फवाऱ्याने टपापासून खाली संपूर्ण गाडी ओली करावी आणि पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे धूळ फुगून सुटू लागते. मात्र ज्या पंपातून तणनाशक वा कीटकनाशक फवारले गेले आहे तो या कामाला घेऊ नये. रंगासाठी तर नाहीच, पण गाडीला हात लावून त्याच हाताने भाकरी खाणाऱ्या लेकरांसाठी अधिक. काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या दारांखाली चिकटलेला चिखल हे वेगळे प्रकरण आहे, कारण काळ्या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात व सुकताना घट्ट धरून बसतात. तो चिखल नखाने वा काडीने खरवडण्याऐवजी त्यावर ओले पोते काही वेळ लावून ठेवले, तर तो आपणहून सोडतो आणि पाणीही तांब्याभरच लागते.

यानंतर दोन बादल्यांचे काम सुरू होते. एकीत आठ लिटर पाण्यात गाडीचा शाम्पू, दुसरीत दहा लिटर साधे पाणी घ्यावे. पहिल्या बादलीत बुडविलेला मायक्रोफायबरचा हातमोजा दाराचा किंवा बॉनेटचा एक भाग पुसून झाल्यावर आधी दुसऱ्या बादलीत खळखळून घ्यावा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा, जेणेकरून निघालेली माती शाम्पूच्या पाण्यात परत जाऊन पुढच्या भागावर घासली जाणार नाही. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म चिरलेल्या तंतूंचे कापड. त्याच्या तंतूंमधील फटी मातीचा कण वर उचलून घेतात. कपडे धुण्याची पावडर येथे वापरू नये, कारण ती अल्कधर्मी असून रंगावरील मेण व पॉलिश उतरवते, आणि तिचा फेस काढण्यासाठी वाचविलेले सगळे पाणी पुन्हा खर्ची पडते. टप, काचा, बॉनेट, दारे, असे वरून खाली येत चाके सर्वांत शेवटी घ्यावीत, आणि तीही दुसऱ्या बादलीत उरलेल्या गढूळ पाण्याने व वेगळ्या फडक्याने, कारण चाकांवर ब्रेकच्या झिजेतून आलेले धातूचे कण बसलेले असतात. अखेरीस पंपात आणखी सहा लिटर पाणी घेऊन साबण उतरवावा. एकूण पाणी ३० लिटर, म्हणजे महोदयांच्या पाइपच्या सहाव्या हिश्श्याइतके होते. ज्याला एवढेही जड वाटते त्याच्यासाठी आता न विसळण्याचा शाम्पू मिळतो, ज्यातील पॉलिमर मातीच्या कणांभोवती आवरण घालून त्यांना निसरडे करतात, आणि दहा लिटर पाण्यात केवळ धुळीने माखलेली गाडी पुसून निघते. चिखलाने लडबडलेली मात्र त्याने साफ करू पाहणे म्हणजे ओरखड्यांना आमंत्रण आहे.

पुस्तिकेतील एक वाक्य मात्र ईटकरांना सर्वथा मान्य आहे, ते म्हणजे गाडी धुतल्यावर लगेच कोरडी करावी. बेसाल्टमधून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, ज्यामुळे पाणी जड होते, डाळ शिजायला वेळ लागतो आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. हेच पाणी गाडीच्या अंगावर उन्हात वाळले की थेंबाएवढे पांढरे गोल डाग मागे राहतात, जे पुढे साध्या पाण्याने जात नाहीत. यावरचा उपाय जूननंतर आकाशातून येतो. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्हाळीखालच्या बॅरलमध्ये २०० लिटरपर्यंत पाणी जमते. पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून दिल्यास ते मऊ असते आणि त्याचे डाग फारसे पडत नाहीत. तथापि पावसाळ्यात गाडी धुण्याची इच्छा कोणालाही होत नाही, हा या उपायाचा किरकोळ दोष आहे.

महोदयांना येथे असे वाटणे शक्य आहे की, ही सर्व एका कोरड्या तालुक्याची रडकथा आहे व पुस्तिका लिहिली जाते ती शहरांसाठी. शहरांचा अलीकडचा अनुभव मात्र ईटच्या बाजूने साक्ष देतो. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला, आणि त्याच उन्हाळ्यात दिल्लीत पाइपने गाडी धुणाऱ्याला २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. इंग्लंडसारख्या पावसाळी देशातही टंचाईच्या काळात पाइपबंदी पुकारली जाते आणि खासगी गाडी पाइपने धुणे हा गुन्हा ठरतो. बादलीने मात्र धुता येते. जगाचा कायदा अशा रीतीने बादलीपर्यंत येऊन पोहोचला असताना पुस्तिका तेवढी पाइपला लोंबकळत राहिली आहे. शहराची टंचाई ईटकरांनी जवळूनही पाहिली आहे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूर शहराला मिरजेहून पाण्याची रेल्वे धावली, तेव्हा पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले आणि ते धाराशिव जिल्ह्यातील रुळांवरूनच गेले. देशभर गाजलेल्या त्या पाण्यात महोदयांच्या पद्धतीने २,७७७ गाड्या धुऊन निघाल्या असत्या, आणि त्यापुढच्या गाडीचे एक दार तेवढे राहिले असते.

सणाचा प्रश्न स्वतंत्र आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला ज्या घरात बैलाला ओढ्यावर नेऊन धुतले जाई, त्या घरात आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणि चारचाकी उभी असते, आणि ओढा कोरडा असला तर बैलाला धुण्याचे घरचे कसब, म्हणजे आधी अंग भिजविणे, मूठभर काथ्याने चोळणे व तांब्या-तांब्याने ओतणे, काथ्याच्या जागी हातमोजा घेतला की गाडीच्या कामी येते. खंडेनवमीला गाडीची पूजा होते तेव्हाही तिला हार, हळदकुंकू आणि लिंबू लाभते. पाण्याचा मात्र तेव्हा फारसा तुटवडा नसतो, कारण परतीचा पाऊस नुकताच बरसून गेलेला असतो. बिकट महिने एप्रिल-मेचे, आणि लग्ने नेमकी तेव्हाच.

उपरोक्त विवेचनावरून महोदयांना अशी विनंती करण्यात येते की, पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत ‘पाइप’ या शब्दाच्या जोडीला ‘बादली’ हा शब्द छापावा, दोन बादल्यांची पद्धत एका चित्रासह द्यावी, जड पाण्याच्या डागांचा उल्लेख करावा, आणि फवारणी पंपाला गाडीच्या उपसाधनांत स्थान द्यावे. हे शक्य नसल्यास प्रत्येक गाडीसोबत घराबाहेरचा एक नळ, व त्याला जोडण्यासाठी एक बारमाही नदी, मूळ किमतीतच पुरविण्यात यावी. वितरकाने ती ‘ऑन रोड’ किमतीत वेगळी लावल्यास ग्राहकाची हरकत राहील.

कळावे, लोभ असावा.

ईट येथील समस्त बादलीधारक

प्रत माहितीसाठी :
१. बोअरच्या गाडीचे मालक (पाणी लागले तरच वाचावे).
२. वरपक्षाकडील मंडळी, लग्नाच्या तारखेपूर्वी.
३. शेजारी, लिंबाखालील गाडी बाजूला घेण्याच्या विनंतीसह.