गॅम्बिटवाले भाऊ

खामगाव तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव राजात बुद्धिबळ खेळणारे बरेच. हरण्याची घाई असलेले मात्र भाऊ एकटेच. पांढरी मोहरी हाती आली की राजापुढचं प्यादं दोन घरं आणि पाठोपाठ शेजारचं, उंटापुढचं प्यादं थेट शत्रूच्या तोंडी. हा किंग्ज गॅम्बिट. १९६० साली स्पास्कीनं याच सुरुवातीनं बॉबी फिशरला हरवलं. पुढच्या वर्षी फिशरनं लेख लिहून ती मोडीत काढली. भाऊंचा निकाल एका ओळीचा : "हरला म्हून राग आला त्याले."

भाऊंचं दैवत अँडरसन. १८५१ साली लंडनमध्ये त्यानं किझेरिट्स्कीला एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन मात केली. भाऊ देतात तेवढंच, कधी चार प्यादी जास्तच. मात तेवढी राहून जाते.

खामगावच्या स्पर्धेत स्विस पद्धत होती. तिच्यात पहिल्या फेरीला वरच्या निम्म्यांची गाठ खालच्या निम्म्यांशी. भाऊंना रेटिंग नाही, म्हणून तळाला. समोर आली रेटिंगवाली, दहाएक वर्षांची पोर. खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकेनात. भाऊंना तिची कीव आली. (नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बातुमीत महिला विश्वचषक जिंकल्यापासून पटावर पोरींची कीव करायची नसते, हे बाकी विदर्भाला कळलंय.)

"खेय माय, भेऊ नको."

तिसऱ्याच खेळीला तिनं वजीर काढून शह दिला. भाऊंनी राजा एक घर सरकवला. किल्लेकोट कायमचा गेला, पण चेहऱ्यावर तृप्ती. किझेरिट्स्कीनंही असाच शह दिला होता! ते मिशीवरून हात फिरवत शेजारच्या पटांकडे बघत बसले.

"काका, घड्याळ दाबा," पोर म्हणाली.

पुढे भाऊंनी घोडा दिला, हत्ती दिला. तिनं प्रत्येक वेळी घेतला आणि घोटभर पाणी प्यायली. मात झाल्यावर हात मिळवत भाऊंनी तिची चूक सांगितली : "वजीर इतक्या लवकर काढू नये, माय."

"हो काका."

दुसऱ्या फेरीला खेळाडू विषम निघाले. भाऊंना जोडीदार उरला नाही. बाय मिळाला, न खेळता पूर्ण गुण. संध्याकाळी एसटीतून उतरले ते थेट चहाच्या टपरीवर.

"पह्यला डाव पोरीले देल्ला. लहान हाय, रडली असती. दुसऱ्याले तं माहा गॅम्बिट मालूम पडला. आलाच नाही."