कुंभारवाडा, जिल्हा शिगा

आमच्या हिला निवृत्तीनंतर मातीचा नाद लागला. रविवारच्या पॉटरी क्लासातून घरात एकेक कप येऊ लागला. त्यांतला एकही टेबलावर न डुलता उभा राहत नसे, पण त्यावर बोलायची सोय नव्हती. मग एका रात्री जेवताना जाहीर झालं, "अहो, आपण शिगाराकीला जातोय. जपानला. मातीचं शिबिर आहे." शिबिर म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहाटेची प्रार्थना, सतरंज्या आणि श्रमदान उभं राहतं. प्रत्यक्षात तसंच निघालं. फक्त श्रमदानाचे पैसे आपणच भरायचे होते, तेही येनमध्ये.

क्योतोहून गाड्या बदलत किबुकावाला पोचलो की तिथून शिगाराकीपर्यंत एक चिमुकली रेल्वे आहे, सगळी मिळून १४.७ किलोमीटरची. हा कोका परगणा म्हणजे निन्जांचा मुलूख. आमच्या डब्यावर निन्जा रंगवले होते. लपून राहणं हा ज्यांच्या घराण्याचा धंदा, त्यांची चित्रं इतक्या भडक रंगांत काढायची कल्पना कुणाची, ते कळलं नाही.

शिबिरात आम्ही दोघं, ऑस्ट्रेलियाचा एक दंतवैद्य, हॉलंडच्या दोन बहिणी आणि दुभाषी म्हणून क्योतोची एक हसरी मुलगी. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, सत्तरीचे, आणि बोलणं काटकसरीचं. त्यांच्या पाच मिनिटांच्या जपानीचं भाषांतर ती मुलगी एका वाक्यात करी आणि त्यांच्या एका हुंकाराचं पाच मिनिटं करी.

आधी माती. बिवा सरोवर आज इथून उत्तरेला आहे, पण लक्षावधी वर्षांपूर्वी त्याचं पूर्वरूप याच बाजूला होतं, आणि त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे शिगाराकीची माती. जाडीभरडी, पांढऱ्या खड्यांनी भरलेली. मोठी भांडी करायला उत्तम, आणि तळहात सोलायलाही. ती मळायची पद्धत अशी की गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडत जातात. माती मळायला शिकण्यात तीन वर्षं जातात, असं तिथले कुंभार म्हणतात. आमचं शिबिर त्याहून बरंच आटोपशीर असल्यामुळे सेन्सेईंनी आमच्या गोळ्यांकडे पाहिलं, एक हुंकार दिला, आणि सगळं आपणच पुन्हा मळून दिलं. त्या हुंकाराचं भाषांतर मुलीने केलं नाही.

खरी गंमत चाकावर झाली. जपानी कुंभाराचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. हिच्या क्लासातलं चाक पाश्चात्त्य रिवाजाप्रमाणे नेमकं उलटं. दोन वर्षांची मेहनत, सगळी डाव्या-उजव्या हातात मुरलेली, एका क्षणात पालथी पडली. ही एक हात आत घाली तो बाहेर हवा असे. वाडग्याने आधी कंबर वाकवली, मग मान टाकली. "उलटं फिरतंय हो हे!" ती म्हणाली. "सुलटं आहे. प्रदक्षिणा आपण अशीच घालतो," मी म्हणालो. मला काहीच येत नसल्यामुळे दिशेची अडचण मला पडत नव्हती. त्या दिवशी दुपारचं जेवण शांततेत झालं.

दंतवैद्याचे वाडगे मात्र पहिल्या दिवसापासून एकसारखे. चकतीवरून दहा वाडगे उतरले तर दहांच्या कडा एका उंचीच्या. काठाची रुंदी आणि पोटाची खोली एकदम मोजायला इथे बांबूचं एक नाजूक माप असतं, चतुरासारखं दिसतं आणि नावही चतुराचंच. सगळ्यांनी ते वापरलं. दंतवैद्याने वापरलं नाही. "आयुष्यभर दातांवर चिनी मातीच्या टोप्या बसवतोय," तो म्हणाला, "वाडग्याला निदान जीभ तरी नाही."

पण सेन्सेईंना त्याच्या वाडग्यांची काळजीच वाटू लागली. फारच सरळ, असं त्यांचं म्हणणं पडलं. इथे माझी पंचाईत सुरू झाली. आम्ही उन्हाळ्यात माठ घ्यायला जातो तेव्हा बोटाच्या पेराने ठोकून बघतो. ठणठणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुंभाराला भाव पाडून मागायचा, आणि कड वाकडी असेल तर पुढच्या दुकानात जायचं. शिगाराकीत वाकड्या कडेला भाव जास्त. तिथे गुडघे पोटाशी घेऊन उकिडव्या बसलेल्या माणसावरून नाव पडलेला एक बुटका रांजण आहे. शेतकरी त्यात बियाणं ठेवत. पुढे चहासंप्रदायातल्या रसिकांनी तो बैठकीत नेला, त्यात एक फूल ठेवलं, आणि बियाण्याच्या रांजणाची किंमत शेतापेक्षा वर गेली. या प्रकारात ढोंगीपणा शिरणार हे त्या संप्रदायालाही कळत होतं. पंधराव्या शतकातले चहागुरू मुराता जुको शिष्याला लिहिलेल्या पत्रात वैतागतात की नवशिकेसुद्धा बिझेन आणि शिगाराकीची भांडी गोळा करून परिपक्व रुचीचा आव आणतात. पाचशे वर्षं झाली. आम्ही सहा जण एप्रन बांधून तेच करत होतो.

मग भट्टी. अनागामा म्हणजे डोंगरउतारावर आडवं पडलेलं, विटांचं एक लांबट बीळ. तोंडाशी सेन्सेईंनी मीठ आणि साके ठेवली, टाळ्या वाजवल्या, नमस्कार केला. मलाही हात जोडावेसे वाटले. अग्नीपुढे ती सवयच असते. पुढे दिवसरात्र लाल पाइनची लाकडं टाकत राहायचं. आत बाराशे अंशांच्या वर पारा चढतो. लाकडाची राख ज्वाळेबरोबर उडते, भांड्यांवर बसते, वितळते आणि हिरव्या काचेसारखी ओघळते. मातीतले पांढरे खडे फुगून वर येतात, त्यांना खेकड्याचे डोळे म्हणतात. हे कुठे होईल, किती होईल, कुणाच्या हातात नाही. मला मध्यरात्रीची पाळी मिळाली. दर काही मिनिटांनी दार उघडायचं, लाकूड सारायचं, भुवया सांभाळायच्या. "माझं भांडं कसं होईल?" असं मी दुभाषीमार्फत विचारलं. सेन्सेईंनी भट्टीकडे बोट दाखवलं आणि ते झोपायला गेले.

भट्टी निवेपर्यंत आणखी काही दिवस थांबावं लागलं. उघडली तेव्हा हिचा वाडगा नीट, तांबूस, एका बाजूला राखेचा शिडकावा. हॉलंडच्या बहिणींच्या बरण्या देखण्या. आणि माझा वाडगा आगीत शेजारी कलंडून दंतवैद्याच्या वाडग्याला चिकटला होता, वरून हिरवी काच ओघळून सांधा पक्का झालेला. सेन्सेईंनी ते जोडपं उचललं, उजेडात फिरवलं, आणि शिबिरातलं सगळ्यात लांब भाषण केलं. भाषांतर: "वेगळं करू नका."

आता हे जायचं कुठे, पुण्याला की ॲडलेडला? दंतवैद्य ते कापून वेगळं करायला तयार होता, हत्यारंही त्याच्या बॅगेत होती. शेवटी ते सेन्सेईंच्या फळीवर राहिलं. "जन्मात एक चांगली वस्तू केलीत," ही म्हणाली, "तीही अर्धी."

निघायच्या दुपारी गावात फिरलो. शिगाराकीत माणसं कमी आणि तनुकी जास्त. तनुकी हा कुत्र्याच्या कुळातला रानटी प्राणी, पण इथे तो मातीचा, दोन पायांवर उभा: डोक्यावर गवती टोपी, एका हातात साकेचा बुधला, दुसऱ्यात उधारीची वही, पुढे ढेरी, आणि ढेरीखाली धनलाभाचं प्रतीक म्हणून जे लोंबतं ते इतकं मोठं की बायकांनी आधी टोपीचं कौतुक करावं. युद्धानंतर या गावाचं पोट कोळशाच्या शेगड्यांवर होतं. घरोघरी गॅस आणि वीज आली, शेगड्या संपल्या, आणि गावाने कुंड्या, फरशा, छत्र्या ठेवायचे पिंप, न्हाणीचे टब असं दिसेल ते करायला घेतलं. तनुकीचं नशीब १९५१ साली उघडलं. सम्राट हिरोहितो येणार म्हणून गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला तनुकींच्या हातात झेंडे देऊन त्यांनाच स्वागताला उभं केलं. सम्राटांनी खूश होऊन कविता केली आणि देशभर तनुकी खपू लागले. आमच्याकडे पाहुण्यांच्या स्वागताला शाळेतली मुलं उन्हात उभी करतात, त्यापेक्षा हे बरं.

"एक घेऊ या," ही म्हणाली. "सोसायटीच्या जिन्यात ठेवू." मी सेक्रेटरींची आणि ढेरीखालच्या धनलाभाची आठवण दिली. "पुढे तुळशीची कुंडी ठेवू," ती म्हणाली, आणि वीतभर उंचीचा एक तनुकी उचलून तिने पेराने ठोकला. कान लावला. पुन्हा ठोकला. दुकानाची म्हातारी मालकीण थबकली.

"बद्द वाजतोय," ही स्वच्छ मराठीत म्हणाली. "कमी करा."

म्हातारीने वाकून नमस्कार केला, आत गेली आणि आणखी आठ तनुकी घेऊन आली. हिने पदर खोचला आणि पहिल्यापासून ठोकायला सुरुवात केली.