जॉइनिंगची वाट, व्हाया बेहाला

इंजिनिअरिंगची पदवी घेतली की नोकरी मिळेलच असं नाही. मतं मात्र शंभर टक्के मिळतात. माझ्या भाच्याला दोन्ही मिळालं. फरक एवढाच की नोकरीचं नुसतं ऑफर लेटर आलंय, जॉइनिंगची तारीख यायचीय. मतं लगेच जॉइन झाली.

पावसाळा सरत आला तरी तारखेचा पत्ता नव्हता. तोवर घरातल्या प्रत्येक यंत्राचा निकाल लागला होता. मिक्सर 'अंडरपॉवर्ड', टीव्हीचं पॅनल 'आउटडेटेड', बाबांचा फोन म्हणजे 'पैसे पाण्यात'. वॉशिंग मशीनला इन्व्हर्टर मोटर नाही हे त्याने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा माझ्या बहिणीने त्याच्यापुढे बादली ठेवली आणि म्हणाली, "हिला मोटरच नाही. धू." त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. "दादा, याला कुठेतरी घेऊन जा. लांब."

लांब म्हणजे बेहाला निघालं. भाच्याचा हॉस्टेलमधला रूममेट तिथला, कोलकात्याच्या नैर्ऋत्येचा. त्याचीही तारीख यायचीच होती. महालयाच्या, म्हणजे दुर्गापूजेआधीच्या अमावास्येच्या, आधी या, नंतर पूजेच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, असं त्याच्या घरून निमंत्रण होतं. पु. लं.नी पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकून घेतली आणि 'वंगचित्रे' लिहिलं. आम्ही तेवढे कष्ट घेणार नव्हतो. भाच्याच्या फोनमध्ये भाषांतराचं ॲप होतं.

पुणे ते हावडा आझाद हिंद एक्स्प्रेसने जायचं म्हणजे दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. भाच्याच्या सॅकमध्ये कपडे बेताचे आणि वायरी बेसुमार. पॉवर बँक २०,००० एमएएचची. ही विमानात चालते का, असं मी आपलं सहज विचारलं.

"मामा, तू एमएएच बघूच नकोस. त्याला ३.७ व्होल्टने गुण. ७४ वॉट-अवर. लिमिट १०० चं."

आम्ही रेल्वेने चाललो होतो. तरी माहिती वाया गेली नाही. समोरच्या बर्थवरच्या काकांनी ती रेल्वे तिकिटाच्या मागे लिहून घेतली.

मग इअरबड्स निघाले. नॉइज कॅन्सलिंगचं शास्त्र मला मनमाड येईपर्यंत समजावण्यात आलं. बाहेरचा आवाज एक बारका माइक ऐकतो, आतलं सर्किट त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करतं, आणि दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. पंख्याची घरघर, एसीची गुणगुण असले एकसुरी, खालच्या पट्टीतले आवाज यात उत्तम मरतात. माणसाचा मधेच उठणारा आवाज मात्र बऱ्यापैकी जिवंत राहतो. हे सगळं ऐकवून भाचेबुवांनी इअरबड्स कानात घातले आणि डोळे मिटले. तेवढ्यात "च्याऽऽय गरम" करत एकजण डब्यात शिरला आणि चिरंजीव ताडकन उठून बसले. शास्त्राची सत्यता पटली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकांनी विचारलं, की कॉलेजात नेमकं शिकवतात तरी काय? भाच्याने प्रामाणिकपणे जीटीबद्दल सांगितलं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेस. सबमिशनच्या आदल्या रात्री कपाटाची काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, वर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि खालून उजेड. पूर्वी ट्यूबलाइट लावत, आता मोबाइलचा टॉर्च. कोणत्या फोनचा टॉर्च जीटीला चांगला आणि कोणता शीटच्या मधोमध भोक पाडल्यासारखा उजेड टाकतो, यावर भाच्याने जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही रिव्ह्यूत वाचलेलं नाही. त्यानंतर केटी (म्हणजे राहिलेला विषय), वायडी (म्हणजे गेलेलं वर्ष) आणि तोंडी परीक्षेला झोपणारे बाहेरचे परीक्षक यांच्या कथा झाल्या. काकांचा नातू यंदा बारावीला होता. नागपूर गेल्यावर काका गप्पच झाले.

हावड्याला भल्या पहाटे उतरलो. बाहेर पिवळी अँबॅसेडर उभी. भाच्याने गाडीभोवती फेरी मारून ड्रायव्हरला सांगितलं, "या गाडीचं उत्पादन २०१४ सालीच बंद झालंय."

ड्रायव्हर दार उघडत म्हणाला, "गाडीला सांगू नका."

बेहाला म्हणजे मुळात एक रस्ता. डायमंड हार्बर रोड मधून सरळ जातो, डोक्यावर मेट्रोचे खांब, आणि दोन्ही बाजूंना गल्ल्या, गल्ल्यांत गल्ल्या. सौरव गांगुलीचं घर इथेच चौरास्त्याजवळ. बेहालेकर ही माहिती आपण न विचारता देतात आणि आपल्याला ती आधीच ठाऊक असली तर खट्टू होतात. रात्रभर पाऊस झाला होता. मित्राच्या गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली, कारण पुढे गल्ली नव्हती, पाणी होतं. एक चप्पल एकटीच आमच्या दिशेने येत होती.

गुडघाभर पाण्यात छत्री धरून, लुंगी खोचून एक वृद्ध गृहस्थ उभे. मित्राचे आजोबा, दादू. खिदिरपूरच्या गोदीतून निवृत्त. त्यांनी भाच्याच्या हातातल्या फोनकडे बघून काळजी व्यक्त केली.

"काही होत नाही, दादू. आयपी ६८ आहे. दीड मीटर पाण्यात अर्धा तास."

"कुठल्या पाण्यात?"

"म्हणजे... लॅबमध्ये टेस्ट करतात. स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात."

दादूंनी गल्लीकडे पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. भाच्याने फोन टोपीखाली ठेवला.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. इलिश माशाच्या काट्यांवर भाच्याचंसुद्धा मत तयार होऊ शकलं नाही. जीभ दुसऱ्या कामात होती.

खरा प्रवास सुरू झाला तो संध्याकाळी, ओट्यावर. पाऊस थांबला, पाणी उतरलं, शेजारचे चार-दोन म्हातारे जमले, मातीच्या भांडांतून चहा आला. चार वर्षं इंजिनिअरिंग करून भाच्याने मतांची पदवी मिळवली होती हे खरं. पण बेहाल्याच्या ओट्यावर याच विषयात पीएचडी झालेली माणसं बसतात याची त्याला कल्पना नव्हती. त्याने सुरुवात मेट्रोपासून केली. पुण्याच्या मेट्रोचे डबे कसे ॲल्युमिनियमचे, दारं कशी, तिकीट कसं व्हॉट्सॲपवर.

"कधी सुरू झाली?" दादू.

"२०२२. मार्च."

"आमची १९८४. २४ ऑक्टोबर. देशातली पहिली." दादूंनी चहाचा घोट घेतला.

या धक्क्यातून सावरून भाच्याने डोक्यावरच्या मेट्रोकडे बोट दाखवलं. ही तर नवीकोरी दिसतेय? इथे दादू थोडे मवाळ झाले. या जोका मार्गाची पायाभरणी २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाली आणि जोका ते तारातला एवढा तुकडा सुरू व्हायला २०२२ चा ३० डिसेंबर उजाडला. तोही तासाला एक गाडी, शनिवार-रविवार बंद. माजेरहाटपर्यंत यायला आणखी २०२४ चा मार्च. पायाभरणी झाली तेव्हा दादूंचा नातू पाढे पाठ करत होता आणि गाडी सुटली तेव्हा तो पुण्यात गणिताच्या एम-थ्री पेपरची केटी देत होता. "पायाभरणी आमच्या जळगावच्या बाईंनी केली, त्यांच्याकडून काही उशीर झाला नाही," एवढं मी नोंदवून ठेवलं.

मग फोन. भाचा म्हणाला, पुढच्या महिन्यात नवी चिप येतेय, आत्ता फोन घेणारा मूर्ख. दादू म्हणाले, देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योतीबाबू बसूंनी रायटर्स बिल्डिंगमधून लावला, दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखरामांना. तेव्हा आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे, त्यामुळे लोक कमी बोलायचे. ("बंगालमध्ये?" असं मी विचारणार होतो, पण पाहुणा होतो.) भाचा संगणकावर गेला. दादू म्हणाले, देशातला पहिला संगणक १९५६ च्या सुमाराला बारानगरच्या स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिसांकडे. भाच्याने 'परम ८०००' काढला, १९९१, पुणे, सुपरकॉम्प्युटर. दादूंनी मान डोलावली. "चांगला आहे. पण पहिला नाही ना."

भाच्याचा चेहरा उतरला. मामा म्हणून मला पुढे होणं भाग होतं. "आमच्या पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी, १८५४ चं," मी म्हणालो. "तुमचं शिबपूर १८५६." ओट्यावर शांतता पसरली. भाचा एकदम फॉर्मात आला आणि सीओईपीच्या बाजूने असा काही लढला की बघत राहावं. त्या कॉलेजाच्या कटऑफने त्याला फाटकाच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं. त्याचं स्वतःचं कॉलेज हायवेच्या कडेला आहे आणि कॅन्टीन तेवढं जुनं आहे. पण परक्या मुलखात माणूस आपलं-परकं करत नाही. जोश बघून मीही पुढची चाल टाकली. "आणि आगगाडी? बोरीबंदर ते ठाणे, १८५३. हावडा ते हुगळी, १८५४. तुम्ही दुसरे."

इथे माझ्या तारखा चुकल्या नाहीत, फक्त समोर कोण बसलंय याचा हिशेब राहून गेला. दादूंनी भांड खाली ठेवलं. गोदीत आयुष्य काढलेल्या माणसापुढे मी नकळत जहाजाचा विषय काढला होता. त्यांनी सांगितलं की हावड्याचा मार्ग आधीच तयार होता. पण विलायतेहून डबे घेऊन येणारं 'गुडविन' नावाचं जहाज हुगळीच्या मुखाशी, सँडहेड्सला बुडालं. आणि इंजिन घेऊन निघालेलं दुसरं जहाज पत्ता चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं. ऑस्ट्रेलियाला! यातली कुठलीही गोष्ट बनवलेली नाही, रेल्वेच्या इतिहासात ती नोंदलेली आहे. पण दादूंनी ती इतक्या ताज्या दुःखाने सांगितली की जणू चलन त्यांच्याच टेबलावरून चुकीच्या खणात गेलं होतं. बाकीच्या म्हाताऱ्यांनी मग सँडहेड्सची वाळू, इंग्रज कप्तानांचं पिणं आणि ऑस्ट्रेलियाचं क्रिकेट अशी पुरवणी जोडली. भाच्याने मधे कधीतरी इअरबड्स घातले. उपयोग झाला नाही. मनमाडला सांगितलेलं शास्त्र बेहाल्यातही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या सकाळी बेहाल्यातल्याच बरिशाला गेलो, तेही चालत. तिथे सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याचा वाडा आणि त्यातला आटचाला, म्हणजे आठ छपरांचा मंडप; दुर्गापूजा १६१० पासूनची. याच ठिकाणी १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचा जमीनदारी हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १३०० रुपयांत गेला. भाचा पाटीसमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं, इतिहासाने पोराला गाठलं. तो म्हणाला, "मामा, माझं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मिळून तेराशेच झाले."

परत येताना दादूंचा रेडिओ न्यायचा होता. महालयाच्या आधी कोलकात्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांना सणाचं रूप येतं, कारण त्या दिवशी पहाटे चारला आकाशवाणीवर 'महिषासुरमर्दिनी' लागतं, १९३० च्या दशकापासून, बीरेंद्रकृष्ण भद्रांच्या आवाजात. बेहाला बाजारातल्या त्या टपरीवजा दुकानात रेडिओ एकावर एक रचलेले होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. दादूंचा चामडी कव्हरचा ट्रान्झिस्टर मिस्त्रीने मागून उघडला. डायलचा दोरा पुलीवरून उतरला होता आणि व्हॉल्यूमच्या बटणात कार्बनची खरखर होती. त्याने चिमट्याने दोरा पुन्हा दोन वेढे देऊन बसवला, ब्रश बुडवून बटणाच्या आतला पट्टा पुसला.

आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आत डोकावला आणि एकदम उजळला. "ही फेराइट रॉड! सुपरहेट रिसीव्हर! आयएफ ४५५ किलोहर्ट्झ!" या आकृतीवर दहा मार्क असतात आणि त्याने ती दोन परीक्षांत काढली होती. मिस्त्रीने ४५५ हा आकडा कधी ऐकला नव्हता. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चार चौकोनी डब्या दाखवल्या, आत लाल, पिवळा, पांढरा, काळा ठिपका. "यांना हात लावायचा नाही. गिऱ्हाईक घरी फिरवून बघतं आणि मग आणतं." भाच्याने चौघींचा फोटो काढला. हे पुस्तकात ब्लॅक अँड व्हाइट होतं, म्हणाला.

घरी आल्यावर मात्र त्याने तोंड उघडलंच. "दादू, हे यूट्यूबवर आहे. कधीही ऐका."

"कधीही ऐकता येतं ते कधीच ऐकलं जात नाही," दादू म्हणाले आणि मग १९७६ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी आकाशवाणीने भद्रांचा कार्यक्रम बाजूला ठेवून नवा बसवला. संगीत हेमंत मुखर्जींचं, आवाज साक्षात उत्तमकुमारचा. लोक इतके खवळले की जुना कार्यक्रम परत आणावा लागला.

"म्हणजे चांगलं चालणारं सॉफ्टवेअर उगाच अपडेट केलं," भाचा म्हणाला. "युझर चिडले. रोलबॅक."

मित्राने बंगालीत समजावून दिलं. दादूंनी भाच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं आणि आपल्या ताटातली संदेश मिठाई त्याच्या ताटात ठेवली. एवढं एकमत त्या ओट्यावर आधी झालं असेल असं वाटत नाही.

महालयाच्या पहाटे चारला रेडिओ लागला. भाच्यानेही इरेला पेटून फोनवर तेच स्ट्रीमिंग लावलं. फोन रेडिओच्या चांगला अर्धा मिनिट मागे. भद्रांचं वाक्य संपायचं आणि मग ते फोनमध्ये सुरू व्हायचं.

"फाइव्ह-जी," दादू म्हणाले. बाकी काही म्हणाले नाहीत.

तुम्ही बेहाल्याला जाणार असाल तर माजेरहाटहून मेट्रो धरा, वरून सगळा डायमंड हार्बर रोड दिसतो. पावसाळ्यात चप्पल पट्ट्याची घाला. फोनच्या गप्पा खुशाल मारा, मेट्रोच्याही मारा. रेल्वेचा विषय टाळा; आणि टाळता आलाच नाही, तर 'गुडविन' आपणच आधी बुडवून मोकळे व्हा, म्हणजे चहा गरम असतानाच पिऊन होतो.