बंबवाल्याची नजर

नाशिकच्या थंडीची बातमी आली की वर्तमानपत्रं निफाडचा आकडा छापतात. नाशकात नऊ-दहा अंश असले तर निफाडकर त्याच्याही खाली असतात, कधी तर पार दोनाच्या आसपास. त्या पहाटे द्राक्षबागायतदार घडांना ऊब मिळावी म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षांची एवढी काळजी वाहणाऱ्या या जिल्ह्यात माणसाने आंघोळ कशी करावी, हे मात्र कोणी छापत नाही.

आमच्या घरी त्याचं उत्तर न्हाणीच्या दाराशी उभं आहे. तांब्याचा बंब. आजोबांनी तो भांडी बाजारातून आणला. गच्चीवर सोलर आहे, भिंतीवर गीझर आहे. पण एक ढगाकडे बघतं आणि दुसरा मीटरकडे बघायला लावतो. बंब कोणाकडेच बघत नाही. पोटातल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. नियम एकच : जेवढं गरम घ्याल तेवढं गार वरून ओता. पाणी संपून बंब कोरडा तापला तर डाक सुटतो, आणि मग आंघोळ राहिली बाजूला, डाक लावणारा शोधत फिरावं लागतं.

लोकांना वाटतं, बंबवाल्या घरात गरम पाण्याची चैन असते. छे! बंबवाल्या घरात सरपणाची काळजी असते. एकदा बंब ठेवला की माणूस आंघोळ करणारा राहत नाही, जळण जमवणारा होतो आणि त्याची नजर बिघडते. लग्नाच्या मांडवात लोक नवरीकडे बघतात, मी मांडवाच्या वाशांकडे बघतो. शेजारच्यांनी जुना पलंग काढला की आधी सुतकी चेहऱ्याने चौकशी करतो, मग हळूच पायांचं लाकूड कुठलं ते विचारतो. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधूंच्या धुन्या पेटल्या होत्या. लोक हात जोडून राखेची चिमूट घेत होते आणि मी ओंडके मोजत होतो. आख्खं खोड, एका टोकाला विस्तव. जळत जाईल तसं पुढे सरकवायचं. ना फोडणं, ना रचणं. संसार सोडल्याचा हा फायदा मला तोवर कोणी सांगितला नव्हता.

रामायणाचंही तसंच. पंचवटीत आलेले भाविक सीतागुंफेत वाकून जातात, सुवर्णमृगाचा विषय काढतात. मला प्रश्न पडतो, वनवासात राम-सीतेच्या सरपणाचं कोण बघत असेल? अर्थात लक्ष्मण. चौदा वर्षं तो झोपला नाही म्हणतात. लोक त्याचं श्रेय बंधुप्रेमाला देतात. रात्री अवचित सर आली की वाळत घातलेली लाकडं झाकायला ज्याला उठावं लागतं, त्याला खरं कारण ठाऊक असतं.

कारण सगळा खेळ ओलाव्याचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. असं लाकूड बंबात गेलं की आधी स्वतःचं पाणी उकळतं, फुसफुसतं, धूर काढतं आणि उरलंसुरलं आपल्याला देतं. हिशेब केला तर एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात थंडीतलं वीसेक लिटर पाणी आंघोळीजोगं होतं. म्हणजे लाकडातल्या प्रत्येक लिटरामागे तुमची एक बादली गेली. ओलं लाकूड आधी आपली आंघोळ उरकतं आणि मग तुमच्याकडे वळतं.

म्हणून लाकूड उन्हाळ्यात फोडायचं. होळीनंतर वखारीतून बाभळीचे ओंडके आणावेत. बाभूळ जड, निखारा टिकवणारी, आंबा बरा, शेवगा म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. गाठीचा ओंडका कुऱ्हाडीला दाद देत नाही. त्यात पाचर ठोकून वर घण घालावा लागतो. सुक्याची परीक्षा सोपी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. टणकन वाजल्या तर पास, भद्द वाजल्या तर पुढच्या वर्षी. पेटवायला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. ऑक्टोबरची छाटणी झाली की बांधावर ढीग पडतात. पेटतात झकास, पण चहा होण्याआधी विझतात. कुणी जुनी बाग मोडली तर मात्र खोडं मिळतात, आणि ती बातमी बंबवाल्यांत मयताच्या बातमीपेक्षा लवकर पसरते.

झाड तोडावं असं मनात येत नाही, आणि आलं तरी १९७५ चा कायदा आहे : शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. शिवाय आई आहे. वड, पिंपळ, उंबर तिच्या राज्यात बंबात जात नाहीत. पिंपळ आणि उंबर समिधा म्हणून होमात चालतात, हे मी एकदा तिच्या निदर्शनास आणून दिलं. "मग तुझ्या आंघोळीला भटजी बोलाव," ती म्हणाली.

रचण्यालाही शास्त्र आहे. खाली विटा, म्हणजे वाळवीला वर यायला कष्ट पडतात. चहूबाजूंनी वारा खेळता. आणि फक्त माथ्यावर झाकण. आमच्या ढिगाच्या माथ्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. साहेब हसतमुखाने हात जोडून पावसात पडून असतात. आमच्या प्रभागात त्यांनी केलेलं हे सर्वांत टिकाऊ काम.

माझा भाचा फिनलंडमध्ये असतो. पंचावन्न लाख लोकांच्या त्या देशात तीसेक लाख सौना आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ती परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आमच्या बंबाची दखल युनेस्कोने अजून घेतलेली नाही. भाच्याने मित्रांबरोबर सरोवराकाठी लाकडावरचा सौना घेतला आणि मला फोन केला : "मामा, लाकूड किती वाळवायचं?" उभ्या आयुष्यात कोणी मला इतका मानाचा प्रश्न विचारला नव्हता. मी विटांपासून टणकारापर्यंत सगळं सांगितलं. तिकडे बर्च चालतो. त्याची साल ओलसर हवेतही पेटते, हे ऐकून मला त्या देशाचा हेवा वाटला. आई शेजारी ऐकत होती. तिने फोन घेतला.

"पाणी किती तापतं रे त्यात?"

"आजी, पाणी नाही तापवत. दगड तापवतात. आपण उघडे बसायचं, दगडांवर पाणी मारायचं, घाम काढायचा."

"आणि मग आंघोळ?"

"मग बाहेर पळत जाऊन सरोवरात उडी."

"गार पाण्यात?"

"बर्फासारख्या!"

आईने फोन माझ्याकडे दिला. "एवढी लाकडं जाळून शेवटी गार पाण्यानेच आंघोळ करायची, तर ती लाकडं इकडे पाठवायला सांग त्याला," ती म्हणाली.

बर्च काही आला नाही. होळी मात्र आली, आणि होळीला गल्लीतल्या पोरांनी लाकडं पळवायची हा अलिखित हक्क आहे. मीही लहानपणी बजावलेला. रात्री उशिरापर्यंत मागच्या दाराशी खुर्ची टाकून राखण केली, तरी सकाळी ढिगाचा वरचा थर गायब. अगदी टणटणीत बाभूळ, निवडून नेलेली. पोरांना परीक्षा येते म्हणायची. फ्लेक्स मात्र नीट घडी करून विटांवर ठेवला होता. साहेबांना कोणीही नेलं नव्हतं.